दहा मीटर

भिंत म्हणजे नुसता पत्रा.
भूकंपानंतर तात्पुरते म्हणून मिळालेले हे डबे.
ग्युमरीत तात्पुरतं कशाला म्हणतात ते मला विचारा,
इथं आले तेव्हा चोविसाची होते,
आता मोज्यांच्या कारखान्यात
सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो.

पलीकडच्या डब्यात झाबेल आणि तिचा तातुल.
झाबेलचं नि माझं बोलणं नाही.
कपडे वाळत घालायच्या तारेवरून बिनसलं.
ती तार गंजून तुटली, त्यालाही वर्षं झाली,
अबोला मात्र कोराच्या कोरा.

एका रात्री पत्र्यावर टकटक.
"अरुस्याक मावशी, तुमच्या फोनवर इंटरनेट आहे?"
त्याच्या लॅपटॉपचं वायफाय मेलेलं,
बाप क्रास्नोदारला बांधकामावर,
पैसे येतील ते मार्चनंतर.
म्हणाला, ब्लूटूथनं जमेल, हळू चालेल,
पण तुमची बॅटरी फार खाणार नाही.
म्हटलं, हळू तर मीही चालते. सांग काय दाबू.

फोनवर सहा आकडे उमटले.
पलीकडेही हेच दिसतायत का, असं विचारत होता तो.
पत्र्याला तोंड लावून मी ओरडले,
चार, शून्य, आठ.
उरलेले तीन पलीकडून आले,
एक, एक, सहा,
पण आवाज तातुलचा नव्हता.

मी "हो" दाबलं.
तिकडेही कुणीतरी दाबलं असणार,
एकीच्या होकारावर हे जुळत नाही.

आमच्याकडे शेजारी विरजण मागतात
तसंच हे, असं वाटलं होतं आधी.
पण विरजण दिल्यानं दही सरत नाही,
डेटा सरतो,
महिन्याच्या वीस तारखेलाच सरतो.
मग दहा दिवस तातुल वहीत काहीतरी गिरवायचा
आणि मी उगाच त्याचा खोकला मोजायची.

एक गोष्ट उशिरा कळली.
मी लाकडं आणायला शेडपर्यंत गेले
की पत्र्यातून "अरेरे!" ऐकू यायचं.
परत आले की शांत.
माझ्या ॲप्रनच्या खिशात त्याची भूमिती होती
आणि मी ती घेऊन अंगणभर फिरत होते!
त्या दिवसापासून खुर्ची भिंतीला लावली.
बटाटे तिथंच सोलले, हिशेब तिथंच केला,
एक आकृती उघडायला लागायचा तेवढ्या वेळात
मोज्याची टाच विणून व्हायची.
नवरा असताना मी इतकी
एका जागी कधी बसले नव्हते.

ऑक्टोबरात त्यांना मुश वस्तीत फ्लॅट मिळाला.
ट्रकवर गाद्या चढल्या, लॅपटॉप तातुलच्या कुशीत.
झाबेल माझ्या दारावरून गेली तशी नेहमीचीच गेली.
संध्याकाळी पाहिलं तर खिडकीच्या कठड्यावर
बरणी, मात्सुननं भरलेली,
अजून कोमट.

फोनच्या यादीत "तातुल" राहिलं,
खाली बारीक अक्षरांत, जोडलेले नाही.
शेजारी विसरण्याचं बटण असतं.
ते मी दाबलं नाही, पण त्यात काही मोठेपणा नाही,
माझी बोटं जाड आहेत, भलतंच काही पुसलं जाईल.

जानेवारीत बरणी परत करायला निघाले.
रिकामी कशी द्यायची, म्हणून जर्दाळूचा मुरांबा घातला.
तीन इमारती, तिन्ही सारख्या,
दारं सारखी, बर्फ सारखा.
फ्लॅटचा नंबर विचारणार कुणाला,
आणि कुणाकडून आले म्हणून सांगणार?

दुसऱ्या इमारतीखाली
खिशात फोन एकदाच थरथरला.
जोडले गेले.

वर तारेचं इंटरनेट आहे म्हणे, चोवीस तास.
माझ्या या थेंबाथेंबाची गरज कुणाला?
त्या जुन्या यंत्रानंच आपणहून ओळख दिली असेल,
कुत्रं शेपटी हलवतं तशी.
किंवा पोरानं.
किंवा कुणी चष्मा लावून.

दुसऱ्या मजल्यावर एकच खिडकी उजळलेली होती.
मी बरणी या हातातून त्या हातात घेतली,
मान वर केली,
आणि जरा मोठ्यानंच म्हटलं,
चार, शून्य, आठ.